वहिनी समजावतील

—अगं नाही, इतकं जाड साल नको काढूस, अर्धा बटाटा सालाबरोबर चालला — हं, अस्सं, आता जमलं. आणि दचकतेस काय, मी काही तुझी सासू नाही सालावरून बोल लावायला. नीट बस ना. खुर्ची मोडकी नाहीये, टेकून बस. — बरं, नको टेकूस, राहू दे. बटाटे सोलायला पाठ लागत नाही. मला ना रिकाम्या हातांनी बोलताच येत नाही, म्हणून तुलाही कामाला लावलं, राग मानू नकोस. आमचे हे म्हणाले ना तुला, 'जा आत, वहिनी समजावतील तुला' — मी वहिनी, कारण हे सगळ्या जगाचे भाऊ. इथे दारू सोडायला येणारा जख्ख म्हातारा असो की मिसरूड न फुटलेला, यांना भाऊ म्हणतो आणि मला वहिनी, माझी स्वतःची नणंदसुद्धा मला वहिनीच म्हणते, आणि खरी वहिनी मी तिची एकटीचीच, हे माझं मीच विसरते — तर समजावते. ते काम माझंच आहे. हे पुढच्या खोलीत पुरुषांना सांभाळणार आणि मी स्वयंपाकघरात त्यांच्या बायकांना. अशी आमची वाटणी.

गाणं ऐकू येतंय ना? तो वरचा सूर लावलाय तो तुझा नवरा. रंगाऱ्याला आवाज चांगला आहे हो, खोटं कशाला बोला. भिंती रंगवता रंगवता गात असेल. तर ही गीतं संपली की ते तुम्हा दोघांना मधे उभं करतील, तुझा हात त्याच्या हातात देतील, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील, आणि मग तू त्याच्याबरोबर घरी जायचं. त्याची बॅग बाहेर भरून ठेवलीय, येताना दिसली असेल. सकाळीच भरली त्याने, उठल्या उठल्या. मला तेवढ्यात तुला तयार करायचंय. — तयार म्हणजे काय, म्हणजे तू हसत बाहेर यायचं. निदान रडत यायचं नाही. — हो गं, रडलीस तरी चालतं, आनंदाचे अश्रू म्हणतात ते त्याला. ती सोय आहे.

तर ऐक. माणूस बदलतो. हे मी तुला पुस्तकातलं सांगत नाहीये, या दोन डोळ्यांनी बघितलंय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना, ते ज्याने कुणी म्हटलं त्याने आमचा बेकरीवाला बघितलेला नाही. गटारात पडायचा तो. म्हणजे अगदी ठरलेलं गटार होतं त्याचं, लोक पत्ता सांगताना सांगायचे, बेकरीवाला पडतो त्याच्या पुढचं वळण. आता रोज पहाटे हा ब्रेड दाराशी ठेवून जातो, आणि बेल वाजवत नाही — का, तर कुणी दार उघडून आभार मानायला नको. आणि ड्रायव्हर! त्याची तर गंमतच. दारू सुटली आणि त्याला कळलं की आपल्याला गाडी चालवायला येतच नाही मुळी, तोवर सगळी हिंमत बाटलीची होती. हात थरथरायचे चाकावर. पुन्हा पहिल्यापासून शिकला बापडा. आता आमच्या आजाऱ्यांना हॉस्पिटलात तोच नेतो-आणतो, आणि खड्डा आला की मागे बघून माफी मागतो, जसा काही खड्डा त्यानेच खणलाय. हस, हस. हसायला बंदी नाही इथे. देवाच्या नावाने चाललेलं घर आहे म्हणून काय तोंडं पाडून बसायचं?

आणि आमचे हे. मागच्या खोलीत एक आजोबा आहेत, बघितलेस? अर्धं अंग गेलंय, वाचाही गेलीय. हॉस्पिटलने सोडलं, घरच्यांनी नेलं नाही, आणि हे घेऊन आले. नावसुद्धा ठाऊक नाही, म्हणून आजोबा. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून हे त्यांचं सगळं करतात — सगळं म्हणजे सगळं, तुला जेवणाच्या भांड्यांपाशी बसून काय सांगू. चादरी बदलतात, पाठीला तेल लावतात, नखं कापतात. आणि कसं, तर गुणगुणत. एक दिवस चुकलेला मी बघितला नाही. ताप असला तरी नाही. माझा प्रभूवर विश्वास आहे, पण कधी डळमळला ना, तर मी जाऊन त्या खोलीच्या दारात उभी राहते. यांना कळत नाही मी उभी आहे ते. पाणी कोमट आहे का ते हे आधी स्वतःच्या मनगटावर बघतात, बाळाचं बघतात तसं. हेच हात, हं. म्हणून सांगते, माणूस बदलतो.

— हा? काही नाही गं, कोपर आहे ते, सरळ होत नाही एवढंच. म्हणून सुरी अशी धरते. बाथरूममध्ये घसरले होते. जुनी गोष्ट आहे. तू तुझ्या बटाट्याकडे बघ.

यांची साक्ष ऐकलीस ना तू गेल्या रविवारी, प्रभूने कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगतात ती? तू मागे बसली होतीस, मी बघितलं. मी पुढे असते, पहिल्या रांगेत, ती कडेची खुर्ची माझी; मला मागे बसायचं असलं तरी कुणी बसू देत नाही, हाताला धरून पुढे नेऊन बसवतात, मखरात बसवल्यासारखी. साक्ष आली की मला उभं राहावं लागतं. कुठल्या वाक्याला ते ठरलेलं आहे. 'मी पिऊन घरी आलो, दार ठोठावलं, आणि या बाईने दार उघडलं. माझ्या वाटेकडे डोळे लावून ती गुडघ्यांवर बसली होती, माझ्यासाठी प्रार्थना करत होती. तिचा चेहरा बघितला आणि मी उंबऱ्यातच कोसळलो.' — की मी उभी. सगळी मंडळी माना वळवून बघतात. बायका डोळे पुसतात. एकदा माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, मला उठायला उशीर झाला, तर हे तिथेच थांबले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. काय करणार. उठले.

तुला गंमत वाटेल, पण मला घरात भांडायची सोय राहिली नाही बघ. प्रत्येक बाईला नवऱ्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात की नाही? ओल्या पायांनी आलात, पिशवी इथे का टाकली, न विचारता जेवायला चार माणसं का आणली — साधं. मी आवाज चढवला की हे मान खाली घालतात. मग हळूच म्हणतात, 'तू बरोबर आहेस, मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो.' आता बोल यावर! एकदा मी पातेलं आपटलं — दमले होते गं, उन्हाळा होता, वर दोन जणांना उलट्या — तर पुढच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, 'वहिनींनी काय काय सोसलंय.' म्हणजे पातेलं आपटण्याचासुद्धा हक्क नाही, तेही यांच्याच साक्षीत जमा. वाईट वागत असते ना तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. चांगल्या माणसाची तक्रार कुणाकडे करायची? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी खाल्लाय. पण हे तोंड दाबून गोडधोड भरवणं — तेही सोपं नसतं हो. जाऊ दे. मी तुला समजावायला बसलेय आणि स्वतःचंच दळण दळतेय.

काय सांगत होते, साक्ष. छान आहे साक्ष. लोकांना धीर येतो. आता गुडघ्यांवर होते तर मी दार कसं उघडलं, असं मात्र आजपर्यंत एकानेही विचारलं नाही. इतकी शिकलेली माणसं येतात, बाहेरून पाहुणे येतात, चर्चचे मोठमोठे पाळक येतात — कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी घरात होते का, हेसुद्धा — 

काही नाही. तो कांदा घे. बटाटे पुरे झाले.

— नव्हते. मी घरी नव्हते. ऐकलंस? आता ऐकलंसच तर नीट ऐक, अर्धवट ऐकून जाऊ नकोस. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरं, पण ही गोष्ट इतकी वर्षं भिजलीय, आता तू अशी खुर्चीच्या टोकावर बसलीस आणि माझी जीभ सैल झाली. बाथरूममध्ये पडले म्हणाले ना मी तुला? कसली बाथरूम. तेव्हा आम्हाला बाथरूम नव्हती, जिन्याखाली एक नळ होता. हात बांधायला हॉस्पिटलात गेले, तिथल्या नर्सबाईने विचारलं कशाने झालं, मी म्हटलं, बाथरूममध्ये पडले. तिने बाही वर केली, बघितलं, आणि म्हणाली, 'तुमच्या बाथरूमला बोटं आहेत वाटतं.' एवढंच. उपदेश नाही, अरेरे नाही. म्हणाली, माझी ड्यूटी संपेपर्यंत त्या बाकावर बस. बसले. घरी घेऊन गेली. लाँड्रीच्या वर दोन खोल्या, खालून दिवसभर गरम कपड्यांचा वास. मला दूध दिलं, स्वतःचा पलंग दिला आणि स्वतः जमिनीवर चटई टाकली. मी म्हटलं, अहो नको, तर म्हणाली, मला कडक अंथरूण लागतं. खोटं! दुसऱ्या दिवशी कंबर धरून उठत होती. ती उपासनेला मागच्या बाकावर बसायची आणि शेवटच्या गीताआधी उठून ड्यूटीला जायची. तिने आयुष्यात कधी साक्ष दिली नाही. मला तिने बायबलातलं एक वचन ऐकवलं नाही. पण देव कसा असेल असं मला कुणी विचारलं ना, तर मला ती चटईच दिसते अजून.

हे आले मग शोधत. येणारच. जिन्यात बसून रडले. आम्ही वरून ऐकतोय. बदललो म्हणाले, शपथा घेतल्या, देवाचं नाव घेतलं. मी तर निघालेच होते खाली, पायात चप्पल घातलेली — काय करणार, आपलं माणूस रडताना ऐकवत नाही, तुला काय सांगायचं, तू तर आत्ता त्यातच आहेस. नर्सबाई दारात आडवी उभी राहिली. मला काही बोलली नाही. यांना म्हणाली, 'बदललात? फार छान. मग त्याला बायको कशाला लागते? आमच्या शेवटच्या वॉर्डात या. तिथल्या म्हाताऱ्यांना धुवायला माणूस मिळत नाही.' हे चिडले, वाटेल ते बोलले, जिना दणादणा वाजवत गेले. बघ, बदललेला माणूस! पण पुढे कधीतरी, लाजत-काजत, गेले त्या वॉर्डात. का गेले ते त्यांनाच ठाऊक आणि प्रभूला. मधे प्यायले, पुन्हा गेले. पुन्हा प्यायले, पुन्हा गेले. पावसाळा गेला, हिवाळा गेला, मी लाँड्रीत इस्त्रीला लागले, एका हाताने जमेल तशी. आणि ती रोज रात्री येऊन जेवायची, पण यांचं नाव काढायची नाही. मी विचारायची नाही. मग एकदा जेवता जेवता म्हणाली, 'आज एक म्हातारा याच्या तोंडावर थुंकला. याने तोंड पुसलं, बादलीतलं पाणी बदललं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.' आणि वाटीतलं संपवून उठली. मी त्या दिवशी ठरवलं. तिने नाही, मी. आणि तरीही लगेच गेले नाही हो, अजून कितीतरी दिवस नुसती लांबून बघत होते.

ही खरी साक्ष. यांनी पहिल्यांदा अशीच दिली होती, अडखळत, नाक पुसत. तेव्हाचे पाळकसाहेब — म्हातारे होते, मनाचे चांगले — म्हणाले, फार लांबते. लोक चुळबुळ करतात. आणि बाईने घर सोडलं हा भाग... तरण्या मुली बसलेल्या असतात, त्या काय शिकतील? मग वॉर्ड गेला. मग जिना गेला. नर्सबाई तर कधी त्यात नव्हतीच म्हणा ना. शेवटी एक रात्र, एक दार आणि मी गुडघ्यांवर. सुटसुटीत. मी मधे एकदा यांना म्हटलं, अहो, मी घरी नव्हते त्या वेळी, तुम्हाला आठवतं ना? तर हे माझ्याकडे असे बघायला लागले — खोटं नव्हतं गं डोळ्यांत, तेच तर! खरंच कोड्यात पडले. म्हणाले, 'असं काय करतेस? तूच तर दार उघडलंस.' इतक्या वेळा सांगितलं की त्यांना आता तेच आठवतं. आणि मी ती बाई आहे. वाट बघणारी. मला त्या उंबऱ्यात उभं करून ठेवलंय, आणि मी तिथून हलले तर पुढची सगळी साक्ष कोसळते, आणि साक्ष कोसळली तर हे घर कशावर चालायचं? वर एवढी माणसं झोपतात. आजोबा आहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

— काय? मोठ्याने बोल, आत कुणी येत नाही. — तुझा बदलला का? अगं, मी कोण सांगणारी. मी काय देव आहे? प्रार्थना तर छान करतो. सगळ्यांत छान. हे म्हणतात, एवढ्या थोड्या दिवसांत इतका मोकळा झालेला दुसरा कुणी बघितला नाही. अजिबात अडखळत नाही. आमचे हे अडखळायचे, बेकरीवाला तर अजून 'हे पित्या' म्हणाला की पुढचं विसरतो — पण असेल, एकेकाचा स्वभाव. मी प्रार्थनांवरून काही ओळखत नाही, ते माझं खातं नाही. मी आपली चमच्यावरून ओळखते.

चमचा म्हणजे — इथे येणाऱ्या प्रत्येकाला आजोबांना भरवायला लावतात. हीच रीत आहे आमची, पहिल्यापासून. आजोबांना गिळायला फार वेळ लागतो. चमचा खालच्या ओठाला टेकवायचा आणि थांबायचं. मग ते तोंड उघडणार, जमेल तेव्हा. मग घास आत, आणि पुन्हा थांबायचं, गळ्याची घाटी हलेपर्यंत. ती हलली की दुसरा चमचा. वाटीभर पेजेला इतका वेळ जातो की पेज गार होते, पुन्हा गरम करून आणावी लागते. ड्रायव्हर पहिल्या दिवशी रडकुंडीला आला होता. बेकरीवाला भरवता भरवता झोपला. पण थांबायला शिकले. ज्याला थांबता आलं तो सुटला, एवढंच माझं शास्त्र. — आणि तुझा नवरा ना, पटकन भरवतो. सरसर. गेलाय म्हणेपर्यंत वाटी चकचकीत रिकामी करून बाहेर. हे सगळ्यांना दाखवतात, 'बघा, हात कसा बसलाय याचा, आजोबा याच्या हातून कसे जेवतात!' कौतुक करतात. मलाही आधी कौतुक वाटलं हो, खोटं नाही बोलत.

आज सकाळी उशीची खोळ बदलायला गेले. खोळीत पेज. मानेखाली पेज, वाळलेली, कातडीला चिकटलेली. म्हटलं सांडली असेल. पुसायला हनुवटी वर केली — इथे, या बाजूला अंगठा, आणि या बाजूला बोटं. जबड्यावर. उमटलेली. तोंड उघडेना म्हणून दाबून उघडलेलं. आणि आजोबा माझ्याकडे नुसते बघतायत, कारण सांगणार कसे, आणि ओरडणार कसे, आणि उठून जाणार कुठे — 

तू का हात लावलास गालाला?

...

बरं. नको सांगूस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. ओढणी नीट कर, दिसतं ते.

मी यांना सांगितलं, सकाळीच. हाताला धरून नेलं, आजोबांचं तोंड दाखवलं. यांचे डोळे भरून आले. खरंच. आणि म्हणाले काय, 'घसरतो माणूस. आपण प्रार्थना करू. आज त्याचा जायचा दिवस आहे, आज नको बोलायला.' मी म्हटलं, अहो, ती पोर त्याच्याबरोबर जाणार आहे. तर म्हणाले, 'तिला तू समजाव. तू केलंस तसं तिने धीराने घ्यावं.' मी केलं तसं! आमचे हे वाईट नाहीत गं. तू त्यांना वाईट समजू नकोस. पण त्यांना एकाही माणसावर शंका घेता येत नाही. रंगारी बदलला नसेल, नुसतं बोलत असेल, असं म्हटलं ना, तर लगेच त्यांना स्वतःची भीती वाटायला लागते — की मग मी? माझंही असंच असेल का? ती भीती मी बघितलीय त्यांच्या तोंडावर. म्हणून ते सगळ्यांवर विश्वास ठेवतात, डोळे मिटून. त्याची किंमत आजोबांच्या जबड्याने द्यायची आणि तुझ्या —

थांब. कुणीतरी येतंय. कांदा चिर. चिर म्हणते ना.

— अहो, हो, हो, समजावतेय. झालंच. — नाही हो, रडत कुठे, कांदा आहे तो. जून कांदा, माझेही डोळे बघा. — जरा वेळ द्या आम्हाला, बायकांचं बोलणं असतं. तुम्ही ते मोठं गीत घ्या ना, सगळी कडवी म्हणा, हल्ली मेली दोनच म्हणता. आणि रंगाऱ्याला मधोमध बसवा, आवाज चांगला आहे त्याचा, त्याच्याकडूनच म्हणवून घ्या. — हो. हो, तयार आहे ती. घेऊन येते.

गेले. सुरी ठेव खाली. हात पूस. इथून आजोबांच्या खोलीतून मागे गेलीस की अंगण आहे, चादरी वाळत टाकल्यायत, त्यांच्या आडून सरळ फाटकाकडे. फाटकाची कडी वर उचलून मग ओढायची, नाहीतर करकरते. मोठ्या रस्त्याला लागायचं नाही, भिंतीच्या कडेकडेने खाली, जिथे गरम कपड्यांचा वास येईल तिथे जिना. नर्सबाई म्हातारी झालीय आता, ऐकायला कमी येतं, दार जोरात ठोक. काही सांगायची गरज नाही. बाही वर केलीस तरी पुरे, नाही केलीस तरी ती बघेलच. — त्याचं काय? त्याचं मी बघते. त्याने जायचं नाही इथून. बदलायचंय ना त्याला? मग आजोबांपाशी बसायचं आणि घाटी हलेपर्यंत थांबायचं, आणि शेजारी मी बसणार. खरंच तळमळ असेल तर राहील. आणि बदललाच एखाद्या दिवशी, तर देव करो आणि बदलो. पण ते तू उंबऱ्यात बसून बघायचं नाहीस. तुझ्याशिवाय बदलू दे. तुझ्या अंगावर शिकायची गोष्ट नाही ती.

— मी? मी कुठे येऊ तुझ्याबरोबर, वेडी का काय! अगं, माझा बदलला ना. मारत होते तेव्हा मला निघता आलं. हात मोडका, पायात चप्पल नाही, तरी निघाले. आता कशावरून निघू? आता रोज सकाळी ते आजोबांचं पाणी मनगटावर बघतात. बदललेल्या माणसाला सोडून कुठे जाता येतं का? कोण दार उघडेल मला? — नाही, तू रडू नकोस. मी काही तुझ्यासारखी अडकलेली नाही. मला कुणी हात लावत नाही. मला सगळे मान देतात.

यांना? यांना सांगीन, ती नाहीये घरी. एवढंच सांगीन. पुढचं त्यांना आठवतंय का, बघू.

आभार-बिभार नकोत. चप्पल हातात घे. — आता कसली बघतेस माझ्याकडे? गाणं थांबलं. जा. जा म्हणते ना!